दोन्ही डोळे करा, डॉक्टर

॥ श्री ॥
आंदर मावळ, १६ जानेवारी २०२५

ति. आईस, अनिताचा सा. न. वि. वि.

तिळगूळ घे, गोड बोल. पाकिटात चिमूटभर हलवा घातलाय. मला सहावा लागला. फोनला रेंज पाहिजे तर टेकडी चढावी लागते आणि सासूबाई आता मला उंबऱ्याबाहेर सोडत नाहीत, म्हणून हे पत्र. हे कामशेतला दूध घालायला जातात तेव्हा पोस्टात टाकतील.

परवा लोणावळ्याहून आपली समीक्षा आली होती. ती म्हणाली, माकडानं तुझा तिसरा चष्मा नेला. आधी हसून हसून पुरेवाट झाली, मग काळजी लागली. मायनस सातचा नंबर, आणि दोन दिवस बिनचष्म्याची तू लोहगडवाडीत स्टॉल चालवतेस! ट्रेकरच्या चहात मीठ पडलं ते जाऊ दे, पण पायरीवरनं पडली असतीस तर? समीक्षाच्या मैत्रिणीनं चिंचवडला लेसर करून चष्मा घालवला. तूही कर ना. माझ्यासाठी कर. येणाऱ्या बाळाला आजी धडधाकट हवी.

दुपटं कुठवर आलं? आबांना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
अनिता


॥ श्री ॥
लोहगडवाडी, ३ फेब्रुवारी

चि. सौ. अनितास, आईचे अनेक आशीर्वाद.

हलवा पोचला, तुझ्या आबांनी एकट्यानं खाल्ला. तुमी दोघी बहिणींनी माझं डोकं खाल्लं, म्हणून काल समीक्षाबरोबर चिंचवडला जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर पोरगेला हाय, पण बोलायला गोड. लेसर व्हतंय म्हणाला. सुई न्हाई, टाका न्हाई, अर्धा तास बी लागत न्हाई. मी म्हणलं, येवढ्यात माझं पिठलं बी व्हत न्हाई.

एक गंमत सांगते. त्यो मला इचारतो, एका डोळ्यात थोडा नंबर तसाच ठेवू का, तुमच्या वयाला जवळचं बघायला बरं पडंल. मी त्याच्याकडं बघतच ऱ्हायले. अगं, बांगड्या भरायला गेलं तर कासार एकच हात भरून पाठवतो का? मी ठणकावून सांगितलं, अर्धवट काम मला चालत न्हाई, दोन्ही डोळे करा, डॉक्टर. त्यो आणिक काय काय समजावत व्हता, पण समीक्षा बी फिदीफिदी हसायला लागली, मग गप बसला बिचारा. जवळचं मला काय कमी दिसतंय? चष्मा कपाळावर चढवला की निम्म्या वाडीच्या सुया मीच ओवून देते. भामाबाई तर रोज दारात.

दुपटं निम्मं झालं. माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीचं करतेय. टाके असे बारीक पडलेत की तुझ्या सासूबाईंनी हुडकत बसावं. जिवाला जप. सासूबाईंच्या पुढं पुढं बोलू नको.

तुझी आई


लोहगडवाडी, २४ फेब्रुवारी

चि. सौ. अनितास, आशीर्वाद.

झालं एकदाचं. काय बी दुखलं न्हाई. हितनं गडाचा दरवाजा दिसतो. चढणाऱ्या माणसांच्या टोप्या दिसत्यात. चुलीचा धूर बंद, म्हणून आबा भाकरी थापत्यात. आकार इचारू नको.

दुपटं राहू दे आता. समीक्षाबरोबर इकतचं पाठवलंय. मऊ हाय.

आई


॥ श्री ॥
आंदर मावळ, ८ मार्च

ति. आईस, अनिताचा सा. न. वि. वि.

दुपटं मिळालं. त्यावर हत्ती आहेत. आई, खरं सांगते, मला लय वाईट वाटलं. सासूबाईंनी ते दोनदा उलटून बघितलं. पहिल्या बाळाला आजीच्या साडीचं दुपटं, हे आपल्यात चुकत नाही, आणि तुझं तर निम्मं झालंही होतं.

मग तुझं पत्र पुन्हा काढून बघितलं. भोपळ्याएवढी अक्षरं, ओळ सोडून भलतीकडंच गेलेली. तू अशी कधी लिहीत होतीस? आई, डोळे बिघडले का? मीच तुझ्या मागं लागले होते. घास उतरत नाही मला. काय असेल ते खरं लिही, माझी शपथ आहे.

तुझीच,
अनिता


लोहगडवाडी, १५ मार्च

चि. सौ. अनितास, आशीर्वाद.

शपथा घालू नको अशा दिवसांत. सांगते.

लांबचं समदं लख्ख दिसतंय, पण हातातलं दिसत न्हाई. सुई धरली की नुसती रेघ, भोक कुटं ते कळंना. तांदूळ निवडले तर आबांच्या दाताखाली खडा आला. त्यांनी खडा गुपचूप ताटाखाली सारला, तेच जास्त लागलं. भामाबाई सुई घेऊन आली, तिला खोटंच सांगितलं, डॉक्टरनं मना केलंय. मला वाटलं, गेले माझे डोळे, आता तुझं बाळ मांडीवर घेतलं तरी त्याचं तोंड मला नीट दिसायचं न्हाई. निम्मं दुपटं पुढ्यात घेऊन रडले मी, अनिता.

शेवटी समीक्षाला सांगितलं. ती परत डॉक्टरकडं घेऊन गेली. डोळे ठणठणीत हायत, घास गिळ आता. चाळिशीचा चष्मा मला कवाच लागायचा, पण मायनसच्या नंबरानं ते झाकून ठेवलं व्हतं. जवळचं दिसायचं ते त्या नंबराच्या जिवावर. एका डोळ्यात थोडा नंबर ठेवू म्हणत व्हता त्यो ह्याच्याचसाठी, आन मी त्याला कासाराचं ऐकवलं! त्यानं बोलून दाखवलं न्हाई, गुणाचं लेकरू हाय. जवळचा चष्मा करून दिला. चष्मा घालवायला गेले नि चष्मा घेऊन आले! समीक्षा परत हसली. मळवली ठेसनापातुर बोलले न्हाई मी तिच्याशी.

हे पत्र त्योच चष्मा लावून लिवलंय. अक्षर बघ. तुझा काय बी दोष न्हाई.

आई


॥ श्री ॥
लोहगडवाडी, २५ मार्च

चि. सौ. अनितास, आईचे अनेक आशीर्वाद.

काल स्टॉलवर दुपटं शिवत बसले व्हते, तवर माकड आलं आन नाकावरचा नवा चष्मा घेऊन गेलं.

पण ह्या खेपेला मी बघत व्हते. कुटल्या झाडावर गेलं, कुटल्या फांदीवर बसलं, काडी कशी चावतंय, समदं. हितनंच आबांना वरडून सांगत ऱ्हायले, उजवीकडं जा, अजून वर, आता टाकला बघा करवंदीच्या जाळीत. आबांचं धोतर फाटलं, पण चष्मा घावला. काडीवर दात उमटलेत. त्योच लावून दुपटं पुरं केलं. निम्म्यात बारीक टाके, निम्म्यात जाड. उसवणार न्हाई मी. हत्तीवालं खाली अंथर, हे वर घाल.

पाडव्याला आबा तुला बाळंतपणाला न्यायला येत्यात. आजवर त्या जुन्या चष्म्यातनं तुझं तोंड मला अंगणात आल्यावर दिसायचं, लांबनं चालीवरनं वळखायची. तुला सासरी धाडताना तर चष्माच ओला झालता, तू वळून बघितलंस का न्हाई ते मला कळलंच न्हाई. ह्या टायमाला गाडी वळणावर आली की तोंड वर कर. हसतीयास का दमलीयास, मी दारातनंच बघते.

तुझी आई