टपालानं आलेला देव

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

आज देव घासले. उद्या खंडोबाचे घट बसणार, म्हणून चिंच, मीठ, राख घेऊन मोरीत बसले. रेश्मा म्हणाली, "आत्या, दातांचा जुना ब्रश घ्या, कडंकडंचं निघंल." सुनेनं पंचवीस वर्षांत एक शहाणपणाची गोष्ट सांगितली, ती ही!

खंडोबाचा टाक शेवटी घेतला. आमचा टाक साधा नाही. जाड चांदी, रुपयापेक्षा मोठा. घोड्यावर देव, घोड्याखाली कुत्रं, आणि पाठीमागं दाढीवालं मुंडकं — मल्ल राक्षसाचं. हा सोनारानं घडवलेला नाही, हा टपालानं आलेला आहे! आमचे आजेसासरे, रावजी पाटील, जुन्या डाळजचे पाटील. शंभर वर्षांमागं गावचं टपाल त्यांच्या घरी यायचं. एक दिवस त्यात पुडकं आलं, वर सगळं इंग्रजी. गावात कुणाला वाचता येईना. फोडलं तर आतून घोड्यावरचा देव निघाला, भगव्या फितीसकट! आजेसासऱ्यांनी तिथंच पायातलं काढलं म्हणतात. "देव आपल्या पायानं घरी आला." मग काय! दर रविवारी गावच्या बाया आमच्याकडं भंडारा वाहायला यायला लागल्या. पुढं गाव धरणात गेलं, देव आमच्याबरोबर नव्या डाळजात आला.

माझं नाव म्हाळसा. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "देव आदी आला, बायकू मागनं आली." अजून हसू येतं.

हां, तर ब्रश. कडेला घासलं, हळदीचा थर निघाला, आणि खाली अक्षरं! इंग्रजी. मी चौथी शिकले, ती पण अर्धी. नात बारामतीच्या कॉलेजात आहे, ती आली की दाखवते.

संध्याकाळी —

प्रगतीनं मोबाईलवर टाक परातीएवढा मोठा केला. बघितलं आणि किंचाळलीच. "आजी! ह्याच्या अंगावर कपडाच न्हाय!"

खरंच नाही. शंभर वर्षं भंडाऱ्याखाली कुणाला दिसलंच नव्हतं! कुत्रं म्हणजे ढाल निघाली. मल्ल राक्षस म्हणजे इंग्लंडचा राजा. हे लढाईचं पदक आहे म्हणे. आणि कडेला नंबर, आणि पुढं — शिपाई रामहरी शेलार, ११० मराठा. "आजी, तुझा देव इंग्रज निघाला!" रेश्मा हसून हसून नळापाशी खालीच बसली.

मी टाक पदराखाली घेतला. बिचारा, उघडा.

२१ नोव्हेंबर

घट बसले. टाक घटात बसवला. कपडा नसला म्हणून काय झालं? प्रगती हसली. हसू दे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मोरगावला जाऊन आलो, मी आणि प्रगती. तिच्या मैत्रिणीचे आजोबा तिथं असतात, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. एसटीत एका बाईची शेळी माझ्या पिशवीतली नैवेद्याची मेथी खात होती, मला बारामती सोडल्यावर कळलं. ती बाई म्हणते, "तुमचीच पिशवी तिच्या तोंडाला लागली!" आधी गणपतीचं दर्शन घेतलं, मग सुभेदारांकडं.

त्यांनी चष्मा लावला, कडेची अक्षरं वाचली, आणि ताडकन उभं राहून पदकाला सलाम ठोकला. मी म्हटलं, "अवो बसा, चहा सांडंल." ते म्हणाले, "मावशी, हे पयल्या मोठ्या लढाईतलं हाय. ज्याचं नाव, त्याचंच. माणूस मेला तर घरच्यास्नी टपालानं पाठवत." मग मोबाईलवर मेलेल्यांची एक यादी काढली. बराच वेळ बोट फिरवत राहिले. त्यांची बायको म्हणाली, "पोहे निवले." ते म्हणाले, "निवू दे."

मग वाचलं. रामहरी शेलार. मयत १९१६, तिकडं इराकात बसऱ्याच्या बाजूला, लढाईत. गाव डाळज, तालुका इंदापूर.

आमच्याच गावचा!

पोह्याचा घास माझ्या हातातच राहिला. शेलाराचं घर म्हणजे... सासूबाई नदीकडच्या आळीला बोट दाखवून सांगायच्या, "ते पळपुट्याचं घर. रामहरी पलटणीतनं पळाला, तिकडंच दुसरी बायको केली. हिकडं कुशाबाई कुकू लावून म्हातारी झाली." सगळं गाव तसंच म्हणायचं. मी पण म्हटलं असेन. म्हटलंच आहे.

पळाला नव्हता हो! मेला होता!

२४ नोव्हेंबर

शेलार आता कुठं आहेत, काही पत्ता नाही. धरणानं माणसं शेंगदाण्यासारखी पसरली. दीपक म्हणतो, "आई, शंभर वरसं झाली, आता कशाला?" लेकाला उसाच्या तोडीशिवाय काही दिसत नाही.

२५ नोव्हेंबर

प्रयागबाईकडं गेले. आळीतली सगळ्यात जुनी बाई, ऐकू कमी येतं, पण जुन्या गावचं कुणाचं कुठं लग्न झालं ते तिला पाठ. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

"शेलार? व्हय की! सोपान. रामहरीचा नातू."

"जिवंत हाय का?"

"न मरायला काय झालं? माझ्यापरीस दोनच वरसानं मोठा हाय! वडगाव निंबाळकरला असतो." मग पुढं सरकून म्हणाली, "भरतीला गेलता गं एकदा. पोरं म्हनली, आज्यासारखा पळशील. तसाच माघारी आला. परत कदी गेला न्हाय."

सापडला! मी तिला तिथंच मिठी मारली. ती म्हणते, "सोड, कवळी पडंल."

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

घट उठले. वांग्याचं भरीत, रोडगे, कांद्याची पात. तळी भरली. जेवता जेवता मी सांगून टाकलं — टाक ज्याचा त्याला देणार.

दीपक ताटावरून उठलाच. "देवघरातला देव बाहेर देत्यात का कुणी? उद्या काय इपरीत झालं म्हंजे?"

मी म्हटलं, "देव न्हाय, माणूस हाय त्यो. माणसाला आपल्या घरी जाऊ दे."

"मग आपल्या देवघरात काय?"

"मी हाय की. म्हाळसा!"

तो पण हसला शेवटी. रविवारी गाडी काढतो म्हणाला.

पण एक गोष्ट मनात येते, ती फक्त इथं लिहिते. टपाल कुणाच्या घरी आलं होतं? आमच्या. फोडलं कुणी? आमच्यांनी. ते पुडकं कुशाबाईचं होतं. तिच्या नवऱ्याची खबर आमच्या देवघरात बसली, आणि आमचंच घर तिला पळपुट्याची बायको म्हणत राहिलं. आजेसासऱ्यांनी काही चोरी केली नाही, त्यांना देवच दिसला. खरंच दिसला असणार. तरी पण...

३० नोव्हेंबर, रविवार

काय सांगू! कुठून सुरू करू!

टाक नव्या खणात बांधला. वडगावला पोचलो तर सोपानआबा अंगणात म्हशीला चारा टाकत होते. शहाऐंशी वर्षांचे, काठीसारखे ताठ. सून सारजा, तिनं चटई टाकली. मी म्हटलं, "आबा, मी डाळजच्या पाटलाची सून. आमच्या देवघरातला टाक घिऊन आलीय. त्यो टाक न्हाय. तुमच्या आज्याचं पदक हाय."

आबा चाऱ्याची पेंढी हातात घेऊनच चटईवर टेकले.

प्रगतीनं सगळं वाचून दाखवलं. नंबर, नाव, पलटण. मग सुभेदारांनी यादीतून लिहून दिलेला कागद — मयत १९१६, लढाईत.

"परत वाच," आबा म्हणाले.

तिनं परत वाचलं.

"पळाला न्हाय?"

"न्हाय आबा. लढाईत पडले."

आबांनी पदक हातात घेतलं. अंगठ्यानं कडेची अक्षरं चाचपली. मग एकदम सारजाला ओरडले, "बघतीस काय? बोलाव सगळ्यास्नी!"

आणि मग जी मजा! शेजारी आले, दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला गडी मोटारसायकल बंद करून आला, कारखान्याकडं चाललेले दोघं आले. जो येईल त्याला आबा सांगायचे, "बस. पोरी, वाच." प्रगतीनं निदान अकरा वेळा वाचलं! दुधवाला म्हणाला, "आबा, दूध नासंल." आबा म्हणाले, "नासू दे. शंभर वरसं आमचं नाव नासलं, तवा कोन आलं?" सगळे हसले. आबा पण. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू.

मग जरा शांत झाल्यावर म्हणाले, "एकच खंत ऱ्हायली. म्हाताऱ्याचे दिवस घातले न्हाईत. पळाला म्हनून पितरांत बी धरला न्हाय. कुणी एक दिवा लावला न्हाय त्येच्या नावानं."

मी म्हटलं, "असं कसं? लागला की! शंभर वरसं, रोज दोन वक्ताला. पयला माझ्या सासूच्या सासूनं लावला, मग सासूनं, मग मी. हळद, फुलं, निवद. चंपाषष्ठीला भरीत-रोडगा. खंडोबा समजून लावला, पण त्याच्याच म्होरं लावला ना!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. उठले, आतून भंडारा आणला, आणि पदकावर उधळला. कुणीतरी ओरडलं, यळकोट यळकोट जय मल्हार! म्हैस दावं तोडून पळाली.

मला साडी नेसवली. हिरवी, काठ मोठा. रेश्माची नजर आहे तिच्यावर, मी देणार नाही.

जाता जाता आबांनी विचारलं, "पन पाटलीणबाई, तुमच्याकडं ह्यो आला कसा?"

आणि माझं तोंड! "गाव हललं तवा सामान मिसळलं असंल, आबा." खोटं! सगळं अंगण हसत होतं, साडी अंगावर होती. जीभ अशीच वळली.

१ डिसेंबर

सगळ्या गावाला सांगून झालं. भिगवणच्या बाजारात पण. प्रयागबाईला दोनदा, एकदा ऐकू आलं नव्हतं म्हणून.

२ डिसेंबर

देवघरात टाकाची जागा मोकळी आहे. सकाळी सवयीनं तिथं फूल ठेवलं, तसंच राहू दिलं.

प्रगतीनं आबांचा फोटो दाखवला. सदऱ्यावर पदक, जुनी फीत कधीच कुजून गेली म्हणून वर नाडा लावलाय. छाती एवढी पुढं! मी दहा वेळा बघितला. मग ती म्हणाली, "आजी, टपालाची गोष्ट का न्हाय सांगितलीस? ती तर तू पाव्हण्यारावळ्यास्नी पन सांगतीस."

मी म्हटलं, शेंगा फोड.

५ डिसेंबर

शेंगा फोडून झाल्या. जीव लागत नाही. आबांच्या छातीवरचं पदक खरं आणि माझी साडी खोटी, असं वाटतं. रविवारी जाते.

७ डिसेंबर, रविवार

गेले. एकटी, एसटीनं. आबा ओट्यावर होते. चहा यायच्या आधी बोलून टाकलं — सामान मिसळलं नव्हतं आबा. टपाल आमच्या घरी आलं, आमच्याच घरानं फोडलं. आणि पळपुटा पण आमच्याच घरानं म्हटलं.

आबा हसले. "मला तवाच कळलं व्हतं, पाटलीणबाई. देवघरातला टाक म्हनलात, तवाच. डाळजात असा देव एकच व्हता."

"मग बोलला न्हाईत ते?"

"तुमी एवढ्या आनंदानं आल्ता." मग म्हणाले, "आजी मला दर रविवारी तुमच्याकडं घिऊन यायची. भंडारा वाहायची आन् त्येच्याशी बोलत बसायची. मी इचारायचो, आपल्या घरी बी देव हाय की, हितंच का? तर म्हनायची, ह्यो टपालानं आलाय. लई लांबनं आलाय. तुझ्या आज्याची खबर ठाव असंल तर ह्यालाच असंल."

सारजानं देवघरातून पदक आणलं. मी भंडाऱ्याची पुडी सोडली. आज रविवारच होता. भंडारा दोघांनी वाहिला, कुशाबाईच्या हातचा म्हणून.