शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत

९ फेब्रुवारी

झालं! स्त्राहिलकाकाची अडचण एका दुपारात मिटली. मोजून चार ओळी लिहिल्या, त्यातलीही निम्मी अक्कल दुसऱ्याची. जावास्क्रिप्टमध्ये मजकूर कापायला, जोडायला, झाडून-पुसून घ्यायला एक तयार लायब्ररी मिळते – फुकट. कुणीतरी डोकं शिणवून लिहिलेली. आयत्या बिळावर नागोबा व्हायला मला कसलीही लाज नाही.

काका – नात्याचा नाही, नुसता म्हणायचा – शोकपत्रकं छापतो. माणूस गेला की एका पानावर फोटो, चार चांगले शब्द आणि शेवटी दुःखात कोण कोण आहे त्यांची नावं. मग ते पान दारावर, झाडांवर, बसथांब्यावर डकवायचं. सगळं याम्बोल गाव उभ्या उभ्या वाचतं – आणि वरचे गोडवे सोडून आधी खालची नावं वाचतं.

हल्ली लोक घरबसल्या वेबसाइटवर मजकूर टाकतात आणि पाल्हाळ लावतात. पानात मावेना. काका अक्षरं बारीक करत बसायचा आणि म्हाताऱ्या थांब्यावर चष्मे पुसत त्याला शिव्या घालायच्या. आता लायब्ररीला सांगून ठेवलंय – इतक्या अक्षरांपर्यंत ठेव, पुढचं छाट. ती शब्द अर्धवट तोडायला लागली, तर म्हटलं, मागे ये आणि शेवटच्या स्वल्पविरामापाशी थांब. छाटल्याची खूण म्हणून ती तीन टिंबं लावते, तीही काढली. शोकपत्रकावर टिंबं बरी दिसत नाहीत. आता काही छाटलंय हे कुणाच्या बापाला कळायचं नाही.

काका स्क्रीनकडे बघत म्हणाला, "पोरी, कात्री दिसत नाही आणि कापलं कसं जातं?"

म्हटलं, "काका, तुम्ही गोंदाकडे बघा. कात्रीचं मी बघते."

१३ फेब्रुवारी

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझा बाप दवाखान्यात आहे. आता काही खरं नाही म्हणतात."

मी नऊ वर्षांची असताना हा माणूस नदीपलीकडे राहायला गेला. तिथे स्तान्का, तिथे मुलगा ओग्न्यान. याम्बोल केवढंसं – बाजारात दिसायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. बरोबर कुणी असलं तर तेवढंही नाही.

मी दवाखान्यात गेले नाही. बोलावलं तर जाईन. मला त्याचं घर नको, काही नको. फक्त एकदा चारचौघांत म्हणावं की नेव्याना माझी मुलगी आहे. एवढंच. लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे ते खरं आहे.

१५ फेब्रुवारी

गेला. बोलावणं आलं नाही.

१६ फेब्रुवारी

बसथांब्यावर पत्रक लागलंय. फोटो तरुणपणीचा – आईबरोबर राहत होता तेव्हाचा, हे विशेष. वर मजकूर लांबलचक. सज्जन, कष्टाळू, द्राक्षवेलींवर जीव असलेला, शेजाऱ्यांच्या मदतीला धावणारा. खाली, दुःखात: पत्नी स्तान्का, मुलगा ओग्न्यान, सून, दोन्ही नातू. संपलं.

मी तीनदा वाचलं. दोन बायका माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनीही वाचलं आणि मग माझ्याकडे बघून बसची वाट पाहू लागल्या.

आई म्हणाली, "घरातल्या मांजराचं नाव तेवढं राहिलं वाटतं."

काकाने दुकानात माझ्यापुढे कॉफी ठेवली. "मी काही केलं नाही गं. घरून मजकूर आला तसा छापला. चिकटवताना मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"तुमचा काय दोष," म्हटलं. "त्यांनी मोजलंच नाही मला."

उद्या अंत्यविधी. आईने विचारलं, जायचंय का. ज्या घराने मला मोजलं नाही त्या घरचा, मेलेल्याच्या नावाने वाटतात तो साखरेतला गहू मी खायची नाही. नाही म्हणजे नाही.

१७ फेब्रुवारी

गेले नाही. चर्चची घंटा इथवर ऐकू आली. दिवसभर काम केलं. चांगलं झालं काम.

१ मार्च

काकाने माझ्या मनगटाला पहिल्या मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला. "आजारपण जावो, रुसवे जावोत," म्हणाला.

"माझं कुणाशी रुसायला नातंच नाही, काका."

बिचाऱ्याने विषय बदलला – स्लिवेनमधल्या एका छापखान्यालाही आपली वेबसाइट हवी आहे म्हणे. का नको असणार? एक पत्रक वाकडं जात नाही, एक ओळ पानाबाहेर नाही. काकाची बायको सांगत होती, आता काका दुपारी चक्क झोपतो. मी हुशार आहे हे मला माहीत होतंच, आता गावालाही माहीत झालंय.

१२ मार्च

एक बाई तणतणत आली. नवऱ्याच्या पत्रकात जावयाचं नाव नाही. जावई फुगून बसलाय, रविवारी जेवायला येत नाही, लेक रडतेय.

मी शांतपणे सांगितलं, "तुम्ही टाकायला विसरला असाल."

"जावयाला? मी?"

नाचता येईना अंगण वाकडं. ती गेल्यावर काका म्हणाला, "बघ तरी एकदा."

"बघते." नाही बघितलं. दहा नमुने चालवून पाहिलेत, दहाही बरोबर. बाईला सोडून दुसरं कुणी चुकलं असेल असं मला वाटत नाही.

२४ मार्च

दोन दिवसांनी बापाचा चाळिसावा दिवस. म्हणजे नवं पत्रक, पुन्हा तो थांबा, पुन्हा त्या बायका. मी दुसऱ्या रस्त्याने जाणार आहे. वाचायचंच नाही असं ठरवलंय, आणि मी ठरवलं की पाळते.

२५ मार्च

ओग्न्यान दुकानात आला. काकाकडे नाही, थेट माझ्यापुढे उभा राहिला. टोपी हातात.

"आईने विचारायला पाठवलंय. मागच्या वेळी तुम्ही इथे बसून स्वतःचं नाव काढून टाकलंत. आम्ही काही बोललो नाही, तुमचा राग आम्हाला कळतो. पण चाळिसाव्याच्या पत्रकात घातलं तर चालेल का? बाबांनीच सांगून ठेवलं होतं – नेव्यानाचं नाव सगळ्यात शेवटी घाला. शेवटचं नाव लोकांच्या लक्षात राहतं."

मी कोड उघडला आणि शेवटच्या स्वल्पविरामापाशी छाटणारी ती ओळ त्याच्यासमोरच पुसली. दोनदा चुकले.

मग म्हटलं, "घाल. शेवटीच घाल."