कडलैच्या सुया आणि वरमाईचा मान

विहीणबाई,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. जिवंतपणी कधी म्हटलं होतं का मी तुम्हाला प्रिय? मग आताच कशाला? नुसता नमस्कार घ्या.

पत्राचं कारण असं, की तुम्ही मला एक गोष्ट विचारायची म्हणून थांबला होतात आणि न विचारताच निघून गेलात. हे मला परवा मैलापूरच्या कुत्र्याच्या डॉक्टरणीकडून कळलं. वरमाईला विचारायचं ठेवलं होतं, तर वरमाईनं उत्तर द्यायला हवं. नाहीतर तुम्ही तिकडे सगळ्यांना सांगत बसाल, विहिणीनं साधं उत्तरसुद्धा दिलं नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, ठाऊकच आहे तुम्हाला. अक्षर लागेल तसं लावून घ्या.

मी भावाच्या नातवाच्या मुंजीला सांगलीला गेले काय, मागं तुम्ही कुत्रं आणलंत. या वयात? तेही असलं! पॉमेरेनियन म्हणे. ओंजळीत मावेल एवढा जीव, भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, आणि आवाज मात्र पोलिसाच्या कुत्र्याचा. शेंगदाण्याला तमिळमध्ये कडलै म्हणतात म्हणून तुम्ही नाव ठेवलंत कडलै. तारिणीनं मला फोनवर सांगितलं, “आजी, पाट्टीनं पप्पी आणलं, सो क्यूट!” एकाच पोरीच्या दोन आज्या आपण. मी आजी, तुम्ही पाट्टी. ‘आजी’ ती म्हणते ते शाळेत हजेरी दिल्यासारखं. ‘पाट्टी’ म्हणताना तिच्या तोंडात गूळ असायचा. मला काय ऐकू येत नव्हतं?

मी परत यायच्या आधीच तुम्ही गेलात. सकाळी कॉफी केलीत, पेला घेऊन खुर्चीत बसलात, आणि झालं. कॉफीसुद्धा सांडली नाही म्हणे. मरणही तुम्हालाच बरं आलं. इथं माझे गुडघे रोज मला शिव्या घालतात आणि मी त्यांना, आणि दोघांपैकी कुणीच जात नाही.

आणि माणसं किती रडली तुमच्यासाठी! फुलवाली रडली, रिक्षावाला रडला, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दोन दिवस कोळसा न पेटवता बसला होता. माझा प्रकाश, पोटचा पोरगा, तुमच्या फोटोपुढे ‘अम्मा, अम्मा’ करत होता. सासूला अम्मा म्हणायला तो लग्नानंतर आठवड्यातच शिकला. मी मेले तर फुलवाली विचारेल, कोण, ती भाव पाडून मागणारी?

असो. तुमचे दिवस झाले आणि तुमचं कुत्रं आमच्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये आलं. बरोबर एक टोपली आणि तुमची जुनी सुंगुडी साडी, ती ठिपक्यांची, मातकट लाल. त्या साडीशिवाय ते झोपत नाही. लिफ्टचा आवाज झाला की दाराशी पळतं, शेपटी हलवतं. दार उघडून कुणी दुसरंच आत आलं की शेपटी खाली. दुसरं कुणी म्हणजे बहुतेक मीच.

मी त्याला शेंगदाण्या म्हणते. आमच्या घरात आमची भाषा. तर ते ढिम्म. “शेंगदाण्या, इकडे ये” म्हटलं की भिंतीकडे बघत बसतं. तारिणी नुसती “कडलै, इंगे वा डा” म्हणाली की कोलांटी उडी. उभी हयात मद्रासेत काढली मी, यांची आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातली नोकरी संपली तरी इथंच राहिले, आणि आता कुत्रंसुद्धा मला परकी समजतं.

तर त्याच्या लशीच्या सुयांचं. तुम्ही पहिली सुई वेळेवर दिलीत. दुसरी राहिली. का राहिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक होतं आणि बोलत नव्हतं. मग घरात रोज भांडण. प्रकाश फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, “लहान जातीच्या कुत्र्यांना इंजेक्शन जास्त झाली की तोंड सुजतं, उलट्या होतात. कायद्याला लागते तेवढी रेबीजची देऊ, बाकी काही नको. हा तर फ्लॅटमध्येच राहणार.”

तारिणी म्हणाली, “माझ्या फ्रेंडच्या डॉगला सगळी दिली, नाइन इन वन. एकाच दिवशी. डन.”

“तुझ्या मैत्रिणीचं कुत्रं केवढं आहे?” मी विचारलं.

“लॅब्राडॉर.”

“म्हणजे रेड्याचं माप उंदराला.”

“आजी, त्याला उंदीर म्हणू नको. पाट्टी कधी म्हणायची नाही.”

बघा, विषय सुईचा, आणि सुई टोचली कुणाला?

तुमची उमा काहीच बोलत नव्हती. आई गेल्यापासून ती कुठल्याच गोष्टीवर बोलत नाही, तिला भाजी कुठली करू विचारलं तरी माझ्याकडे बघते. प्रकाश म्हणाला, “अम्मा असत्या तर त्यांनी काय केलं असतं?” झालं, रडारड सुरू. मी म्हटलं, ज्या बाईला विचारता येत नाही तिला विचारण्यापेक्षा, जी फी घेते तिला विचारा. मलाही यायचंय.

खरं सांगू? त्या कुत्र्याची काळजी म्हणून नव्हते गेले. प्रकाशनं ओएमआर रस्त्यावरच्या एका कुत्र्यांच्या पाळणाघराची चौकशी केली होती, दिवसभर तिथं ठेवायचं, संध्याकाळी आणायचं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तेच बरं, तर कुत्र्याबरोबर ती ठिपक्यांची साडी दिवसभर तरी माझ्या डोळ्यांआड होईल.

दवाखाना तुमच्या गल्लीतच. डॉक्टरीण तारिणीची ताई शोभेल एवढी तरुण, कानात एवढीशी खडी. कडलैला बघून म्हणाली, “अय्यो, पाट्टीचं बाळ.” तिचेही डोळे भरले. मी मनात म्हटलं, हिलासुद्धा सोडलं नाहीत तुम्ही!

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुम्हीच का त्या संबंधी अम्मा?”

विहिणीला इथं संबंधी म्हणतात एवढं मला कळतं. मी म्हटलं, हो, मीच.

“मग तुमचीच वाट बघत होत्या त्या. दुसऱ्या इंजेक्शनला मी दोनदा फोन केला. म्हणाल्या, संबंधी अम्मा गावाला गेल्यात, त्या आल्या की त्यांना विचारून. मी म्हटलं, अम्मा, कुत्र्याच्या लशीला कुणाला विचारायचं? तर म्हणाल्या, हे पिल्लू माझ्या नातीच्या घरात वाढणार. त्या घरातलं काही त्यांना पुसल्यावीण मी कशी करू?”

उमा खाली बघायला लागली. तिला ठाऊक होतं.

विहीणबाई, तुम्हाला वेड लागलं होतं का? मान द्यायचा तो आहेराला द्यावा, पंगतीला द्यावा. कुत्र्याच्या सुईला कुणी मान देतं? तारिणीचे कान टोचायचे होते तेव्हाही तुम्ही हेच केलंत. सोनार येऊन बसलेला, पोरगी मांडीवर रडतेय, आणि मी आवडीहून दोन बसा बदलून येईपर्यंत तुम्ही त्याला तार हातात धरू दिली नाहीत. मी आले, ‘करा’ म्हटलं, आणि सगळी बायकामंडळी म्हणाली, काय हो यांची रीत, वरमाईला किती मान देतात! मान मला दिलात आणि नाव तुमचं झालं. दर वेळी असंच. मला वाटायचं, हा सगळा चारचौघांपुढचा देखावा. आता कुत्र्याच्या दवाखान्यात कोण होतं तुमचा देखावा बघायला? एक डॉक्टरीण आणि पिंजऱ्यातलं एक मांजर.

मी त्या पोरीला म्हटलं, “बाई, आता मी आले. मला विचारा.” प्रकाश मधे बोलायला लागला, त्याला गप्प केलं. “विचारायचं मला होतं. तू गाडीची किल्ली सांभाळ.”

ती हसली. म्हणाली, “आधी तुम्ही सांगा, हा राहणार कसा? मग मी सांगते कुठल्या सुया.”

हे मला आवडलं. मी एकेक विचारत गेले, ती सांगत गेली. डिस्टेंपर आणि पार्वो, हे कुत्र्यांचे दोन मोठे रोग, त्यांची द्यायचीच, त्यात प्रश्न नाही. पार्वोत पिल्लं रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत जातात, आणि ती घाण चपलेला लागून आठव्या मजल्यावरसुद्धा येते. प्रकाशनं आपल्या चपलांकडे पाहिलं. मधे खंड पडला म्हणून आज एक, आणि काही आठवड्यांनी पुन्हा एक. पिसाळण्याची तर द्यायचीच. मग उंदराच्या मुतानं होणारी, लेप्टो. मी विचारलं, पावसात आमच्या पार्किंगमध्ये पाणी साचतं आणि घुशी पोहतात, तर? ती म्हणाली, मग तीही हवी. पण प्रकाशसाहेब म्हणतात तेही खोटं नाही, जीव लहान आहे, सगळं एका दिवशी नको. एकेक देऊ, मधे दिवस सोडून, आणि दर वेळी टोचल्यावर थोडा वेळ इथंच बसायचं, तोंडबिंड सुजतं का बघत.

म्हणजे बापलेक दोघंही अर्धे शहाणे. मला बरं वाटलं.

“राहिली खोकल्याची,” ती म्हणाली. “ती सगळ्यांना लागत नाही. हा दुसऱ्या कुत्र्यांमध्ये राहणार असेल, पाळणाघरात वगैरे, तर द्यायची. घरी राहणार असेल तर आत्ता नको. दिवसभर कुणाजवळ असणार हा?”

प्रकाश म्हणाला, “डे-केअरचं बघतोय. आम्ही दोघं ऑफिसला, हिची शाळा…”

तारिणीनं कडलैला छातीशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. तेच मला लागलं. मी घरात दिवसभर असते हे कुणाच्या ध्यानातच येईना. कपाट असतं तशी मी असते. आणि तुम्ही असतात तर? कुणी विचारलं असतं का, दिवसभर कुणाजवळ?

मी म्हटलं, “खोकल्याची सुई नको.”

“आई, पण डे-केअरवाले त्याशिवाय घेणार नाहीत,” प्रकाश म्हणाला.

“म्हणूनच नको म्हणते. पोरकं आहे का ते? मी काय मेलेय?”

उमा तेव्हा बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “आई, तुम्हाला तर कुत्री आवडत नाहीत.”

“नाहीच आवडत. तुझी आईसुद्धा कुठं फार आवडायची मला? नीट नांदलोच की.”

डॉक्टरणीला आमचं हे मराठी कळलं नाही, पण उमा हसली म्हणून तीही हसली.

विहीणबाई, गैरसमज नको. त्या जिवावर माझं काही प्रेम उतू चाललेलं नाही. उद्या ते कुणा परक्या बाईच्या मागं पळायला लागलं असतं आणि तुम्ही वर बसून म्हणाला असतात, एवढं एक पिल्लू, तेही विहीणबाईंना सांभाळता आलं नाही. ते मी ऐकून घेणार नाही.

सुई टोचली तेव्हा ते ओरडलं नाही. तारिणी ओरडली. मग आम्ही बाकावर बसलो, तोंड सुजतं का बघत. सुजलं नाही. दुपारी घरी मात्र मलूल होऊन पडलं. मी भात कालवून पुढं ठेवला, हुंगलंसुद्धा नाही. मी माझ्या साडीची घडी घालून दिली, चांगली मऊ, इरकली. त्यावरून उठलं, लटपटत तुमच्या ठिपक्यांपाशी गेलं आणि नाक खुपसून झोपलं. मी बघत बसले. काय आहे तुमच्या त्या साडीत? मी वास घेऊन पाहिला. कॉफी, विभूती आणि कुत्रं. एवढंच.

तर उत्तर असं. दोन मोठ्या रोगांची, पिसाळण्याची आणि उंदराची, तिन्ही द्या, पण एकेक करून. खोकल्याची नको. पिल्लू घरी राहील. वरमाईला पुसलंत, वरमाईनं सांगितलं. आता नाव तुमचं करायला तुम्ही नाही आहात, हे एक बरं झालं. आणि खरं म्हणजे तेवढंच एक बरं झालं.

आणि हा माझा शब्द. बाकीच्या सुयांना मी स्वतः घेऊन जाईन, रिक्षानं, प्रकाशच्या सवडीची वाट न बघता. नाव मात्र कडलै म्हणणार नाही. शेंगदाण्याच म्हणणार, आणि माझ्या हाकेला तो धावत येईपर्यंत म्हणत राहणार. ती साडी घाण वास मारते. मला असलं घरात चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी त्याच्या सगळ्या सुया पुऱ्या होईपर्यंत मी ती धुणार नाही. शेवटची झाली की मात्र गरम पाण्यात घालणार, आत्ताच सांगून ठेवते. तुमचं काही म्हणणं असेल तर त्याआधी स्वप्नात येऊन सांगा.

पण आधी मला पुसून या.

तुमची मानाची विहीण,
सुशीला