चक्कीला बांधलेली पोती

डिलाईल रोड, रविवार

प्रिय शेवंती,

तुझ्या पाळण्याची उजवीकडची कडी कुईकुई करायची. तुला कसं आठवणार म्हणा! तेल घातलं की तू रडायचीस, म्हणून तुझी आई मला तेल घालू द्यायची नाही. मी शेजारी बसून शाळेतल्या कविता म्हणायचो. त्यांनी तू कधीच झोपली नाहीस, त्या कडीनं मात्र झोपायचीस. मागच्या महिन्यात संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाला गिरण्या, ट्राम, खालची दगडूची पिठाची चक्की, सगळं बंद होतं. माळ्यावरून पाळणा काढून कडी हलवली, तर तोच आवाज! दुसऱ्या दिवशी चक्की लागली आणि मांडणीवरची भांडी पुन्हा थडथडू लागली. म्हटलं, हिचं तोंड बांधायचंच.

दगडू कुरकुरत तयार झाला. कापडगिरणीत कामाला जाणाऱ्या शिवाकडून तिथल्या झाडलोटीचा कापूस आणवला. तो त्यांच्या लेखी केरच. फाटक्या गोणपाटांत ठासून भरला, शिवला, चक्कीच्या भिंतींना आणि छताला टांगला. यंत्राच्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे सारले. आणि पहिल्याच दिवशी पिठात कापसाचे तंतू! चाळभर भाकऱ्यांना मिश्या फुटल्या. बायकांनी मला असं फैलावर घेतलं की विचारू नकोस. मग पुन्हा सगळी पोती उतरवून जुन्या धोतरांचं दुहेरी अस्तर लावलं. बोटं सुजली, पण पोरी, आवाज खरंच बसला. वाटीसुद्धा हलेना.

तेच नडलं. आपल्याकडे खाली डोकावतं कोण? घरघर ऐकू आली की डबा उचलायचा. घरघर नाही म्हणजे चक्की बंद, असं समजून सगळ्या पुढच्या गल्लीत दळायला! दगडू रिकाम्या चक्कीपाशी माश्या मारत बसला. काल भडकून त्यानं सगळी पोती ओरबाडून मागच्या बोळात फेकली. वर सगळ्यांदेखत म्हणाला, “म्हाताऱ्याच्या कवितांपायी मी धंदा बुडवू होय?”

कारण मी त्याला तेच सांगितलं होतं, कविता वाचायला शांतता हवी म्हणून. खरं कोणत्या तोंडानं सांगू? अप्पांची पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायला नको म्हणते, हे चाळभर झालं असतं. “तिथं तान्हं बाळ झोपेल कसं?” असं तू लिहिलंस. चूक नाही तुझं. म्हणून हे पत्र. तू रत्नागिरीलाच राहा. तुझी आई असती तर

थांब, दार वाजतंय.

दारात दगडूची लक्ष्मी आहे. दगडू नव्हे, लक्ष्मी! काखेत माझं एक पोतं, हातात लाल लुगड्याचा फाटका पदर. म्हणते, “पाळणा धुऊन गॅलरीत वाळत घातलात, मला डोळे नाहीत काय? चक्की चालू असली की हे फडकं बाहेर लावीन. आवाज कशाला हवा? ह्यांना मी बघते. हे पोतं उसवलंय, दाभण आणा आधी!”

शेवंते, वरचं ‘रत्नागिरीलाच राहा’ वाचू नकोस.

तुझाच,
दाभण शोधणारा अप्पा