गाठीखालचा गुलाब

३ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कारण गुलाब. ऑफिसात एकतीस वर्षं जावक विभाग सांभाळला, एका झाडाचं रेकॉर्ड ठेवणं हा डाव्या हातचा मळ आहे.

पंचवीस फेब्रुवारी हा हिचा वाढदिवस. दर वर्षी हिचे दादा आपल्या बागेतले पिवळे गुलाब पाठवतात. ही त्यांत नाक खुपसून बसते. गेल्या वर्षी मी आणलेला कुकर संध्याकाळपर्यंत खोक्यातच होता. दादा दातांचे डॉक्टर. दिवसभर हात लोकांच्या तोंडात, उरलेला वेळ शेणखतात. आज त्यांना फोन करून सांगितलं, यंदा तसदी घेऊ नका, आमच्याकडे घरचेच असतील. ते म्हणाले, बरं. त्या 'बरं'मध्ये हसू होतं. आता माघार नाही.

५ ऑक्टोबर
कलम आणलं. हायब्रिड टी जातीचा गुलाब, पिवळा, सुवासिक. नर्सरीवाल्या बाईंनी खोडावरची गाठ दाखवली. म्हणाल्या, गाठीच्या वर तुमचा गुलाब, खाली रानगुलाबाचा खुंट. गाठ मातीच्या वर ठेवा, आणि गाठीखालून फुटवा आला की लगेच काढून टाका. पुढेही बरंच बोलत होत्या. मी मान हलवत राहिलो. विकणाऱ्याला बोलायची सवयच असते.

संध्याकाळी लावलं. गाठ बेढब दिसत होती, मातीत पुरून टाकली. आता कसं नीटनेटकं दिसतंय.

६ ऑक्टोबर, सकाळी ६.००
रोज सहाला उठून दोन बादल्या पाणी घालणार. सबब चालणार नाही.

७ ऑक्टोबर, सकाळी ९.१५
झाडांनाही झोप लागते. पाणी चार बादल्या, उशिराची भरपाई धरून.

२२ ऑक्टोबर
पानं पिवळी पडायला लागली. रंग मुळापासूनच मुरलेला दिसतोय. ही म्हणाली, पाणी फार होतंय. विचारलं, हे दादांनी सांगितलं का? म्हणाली, नाही, माझी चप्पल रुतली.

९ नोव्हेंबर
शुभवार्ता. जमिनीतून नवी फांदी आली. हिरवीगार, सरळ, आठवड्यात हातभर. वरच्या जुन्या फांद्या मात्र अजून वीतभरच, तांबूस, रुसलेल्या. ऑफिसातही हेच पाहिलं. कायम झालेले पेपर वाचतात आणि कालचं पोरगं फायली उपसतं.

बाईंनी असल्या फुटव्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. ठेवा की काढा, ते आठवत नाही. इतकी गुणी फांदी काढा असं कोण सांगेल?

२१ नोव्हेंबर
ही म्हणते, जुन्या फांदीच्या एकेका देठाला पाच पानं आणि नवीच्या देठाला सात, असं का? म्हटलं, प्रगती. ही पानं पुन्हा मोजायला लागली. आकड्यांचा अर्थ लावायला अनुभव लागतो.

६ डिसेंबर
कठोर निर्णय घेतला. जुन्या फांद्या कापल्या. फुकट खाताहेत. एकीवर वाटाण्याएवढी कळी होती, पण त्या नाटकाला मी फसलो नाही. रिटायरमेंट जवळ आली की सगळेच टेबलावर फाइल उघडून बसतात.

ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. म्हणाली, अहो, कळी होती ना तिला. म्हटलं, होती. हिने खिडकी लावून घेतली.

४ जानेवारी
दादांचा फोन. गुलाब काय म्हणतो? सांगितलं, सहा फूट झालाय, भिंतीवर चढतोय. त्यांनी दोनदा विचारलं, किती फूट? जळणार, माणूसच आहे. मग विचारलं, बघायला येऊ का? म्हटलं, पंचवीसनंतर या.

१८ जानेवारी
काट्यांनी दोन शर्ट फाडले, उजवा कान सोलला. दर्जेदार मालाला पॅकिंगही मजबूत असतं.

११ फेब्रुवारी
कळ्या! एकेका घोसात वीस-वीस. जरा बारीक आहेत, म्हणजे वास एकवटलेला असणार. अत्तराची बाटलीही लहानच असते.

१९ फेब्रुवारी
उमलली. पाच पाकळ्या, शर्टच्या बटणाएवढं फूल. रंग पांढरा. पिवळा बहुधा उन्हाने चढत असावा. वास आला नाही, पण मला सर्दी आहे. हिला हुंगायला दिलं. डोळे मिटून हुंगलं, आणि हळूच म्हणाली, कसलाच नाही.

सर्दी नव्हती मला.

२१ फेब्रुवारी
एक फांदी घेऊन नर्सरीत गेलो. बाईंनी लांबूनच ओळखली. म्हणाल्या, हा खुंट. गाठीवरचं काय केलंत? सांगितलं, कापलं. त्यांनी कपाळावर हात मारला नाही, हे त्यांचं मोठेपण. उलट म्हणाल्या, असा जोमदार खुंट बऱ्याच दिवसांत पाहिला नाही, फांद्या छाटून आणा, मला कलमं बांधायला लागतात. म्हणजे गावभरच्या पिवळ्या गुलाबांना खालून आधार आपलाच असणार. हे हिला सांगायला हरकत नाही. आज नको.

२४ फेब्रुवारी, दुपारी
तीन फुलवाले पालथे घातले. पिवळे गुलाब एकाकडेच होते. वास फ्रिजचा. आणि दादांना तर मीच नको म्हणून बसलोय. माझ्यापायी उद्या हिच्या हातात काहीच नसणार. ही मघाशी रिकामी फुलदाणी पुसत होती. माझ्याकडे बघितलं आणि परत वर ठेवून दिली.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.००
दादांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कुठला दात? म्हटलं, वरचा. नंबर अकरा. पाऊण तास बसलो. आत गेल्यावर दादांनी सवयीने खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला, आ करा म्हणाले. तोंड उघडलंच होतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. गाठ, बादल्या, कळीसुद्धा.

ते हसले नाहीत. हातमोजे काढले, बाहेरच्या पेशंटना दहा मिनिटं थांबा म्हणाले आणि लंगडत मागच्या बागेत जाऊन पाच फुलं कापून आणली. वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाले, घरचेच आहेत म्हणून सांगा, मी काही बोलणार नाही. मग म्हणाले, तुम्ही झोपेत दात खाता, त्याचं काहीतरी करायला हवं.

२५ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
हिला फुलं दिली. म्हटलं, बागेतलीच आहेत. खोटं काहीच नाही यात.

हिने एकच फूल नाकाशी नेलं. मग पाचही पाण्यात ठेवली, देठ नीट लावले, आणि विचारलं, दादाच्या गुडघ्याचं कसं आहे आता?

म्हटलं, विचारायचं राहिलं.

म्हणाली, मग फोन लावा.

लावला.