चूलबंद पास

वसमत,
ता. ४ जून २००४

प्रिय इस्माईल,

देविदासचा नमस्कार. अम्मीला सलाम सांग आणि अफसानाला तिच्या देविदासभाईचा आशीर्वाद. इकडं शिला आणि दोन्ही पोरं मजेत हायत. गावाकडं कुरुंद्याला धाकट्या भावानं हळदीचं बेणं काढून ठेवलंय, लावणीची घाई चालू हाय. माझं गुडघं जरा कुरकुर करतं, बाकी तब्येत धडधाकट.

तुझं पत्र बराबर पोचलं. निजामाबादला कुणी शेठ नवी बाग काढून राहिला आणि पाळणे, रेल्वे, घोडे सगळं उभं करायचं काम तुला देऊन राहिला, हे वाचून छाती फुगली बघ. बाग बसल्यावर तू तिकडं गेलास खरा, पण वेल्डिंगच्या दुकानात लोकांची खिडक्या-दारं किती दिवस जोडत बसणार होतास? शेठला म्हणावं, वसमतला येऊन आमचा मोठा पाळणा बघून जा. पाच वर्षं झाली, एक सांधा हलला न्हाई.

शेठनं तुला विचारलं की वर्षाचा पास ठेवावा का न्हाई. पासानं बाग वाढती का बुडती. आणि तू ते मला विचारलंस, काहून की आपल्या भागीदारीतल्या नवरंग बागेत तू यंत्रं बघायचास आणि फाटकावर मी बसायचो. तर ऐक. पास नको म्हणावं. अजिबात नको! पासानंच आपली बाग बसली.

तुला तवा किती सांगितलं, पण तू ऐकणारा का? तुझ्याच डोक्यातनं निघालं ते. गावात लग्नाचं चूलबंद आवतण देत्यात, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची न्हाई, घरातली सगळी माणसं आणि घरी आलेला पाव्हणासुद्धा जेवायला यायचा, तसा आपला पास. वर्षातनं एकदा घ्यायचा, वर्षभर अख्ख्या घरानं यायचं. त्यावर तू छापून घेतलंस, 'ज्यांचं जेवण या चुलीवर, त्यांचं येणं बागेत.' वा रे वा! लोकं काय सोडत्यात व्हय? मावशी आली, आण बागेत. मेहुणा आला, आण बागेत. तांड्यावरचा धर्मसिंग तर एकदा सतरा माणसं घेऊन आला आणि म्हणतो, सगळे काल रातच्याला माझ्याच घरी जेवले. मी काय त्यांच्या पोटात डोकावून बघू?

म्हणून मी पास बंद केले आणि चांगलं केलं. आता बागेत शांतता हाय. धक्काबुक्की न्हाई, फाटकावर भांडण न्हाई. आइसगोळ्याचा गाडा उठून गेला, तेवढाच कचरा कमी. मोठ्या पाळण्याला समोरासमोर वजन बराबर लागतं हे तूच शिकवलंस, तर त्याचाबी इलाज काढला. एकच घर आलं की समोरच्या डब्यांत वाळूची पोती ठेवून देतो. झकास चालतं.

तर शेठला सांग, पास नको. अनुभवाचे बोल म्हणून सांग.

शिला म्हणती, अम्मीच्या हातचा शिरखुर्मा आठवतो. मी म्हणलं, लिहितो.

तुझा,
देविदास


वसमत,
ता. २३ जून २००४

प्रिय इस्माईल,

तुझं कार्ड परवा मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

तू लिहिलंस, तू म्हणतोस तर शेठला पास नको म्हणून सांगतो, येत्या आठवड्यात कागद होणार हायत. इथवर ठीक होतं. खाली लिहिलंस, 'तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, देविदास को फिर एक बार पूछ.' तुला वाटलं असेल, म्हातारीला नीट ऐकू आलं न्हाई. तिला नीट ऐकू आलं, इस्माईल.

आधी शेठचं काम उरकतो. मागच्या पत्रातलं सगळं खोडून टाक. पास ठेवा म्हणावं. चूलबंदच ठेवा.

पास होते तवा मंगळवारी, बुधवारीसुद्धा बागेत माणूस असायचं. बाजार करून तांड्यावरच्या बाया यायच्या, पिशव्या झाडाखाली ठेवून पाळण्यात बसायच्या. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललेल्या जीपा रस्त्यावरून फिरता पाळणा बघायच्या आणि थांबायच्या. त्या तिकीट काढायच्या, पण थांबायच्या पासवाल्यांमुळं. पासवाल्याबरोबर फुकट आलेला पाव्हणा आपल्या गावी जाऊन चार माणसांना सांगायचा. तू हे सगळं मला बोटावर मोजून सांगितलं होतंस आणि मी तुला येडा म्हणलो होतो. आता जीपा थांबत न्हाईत. थांबली एखादी, तर माणसं उतरून बघत्यात, आत कुणी न्हाई, आणि परत चढत्यात. मागल्या आठवड्यात परभणीकडची एक पोरगी आईला विचारत होती, समोर पोती काहून बसलीत? आईनं काय सांगावं? मला तर तोंड लपवायला जागा पुरंना.

मग पास बंद काहून केले? तुला सांगितलं, तोटा व्हायला लागला. गावाला सांगितलं, लोक फसवत्यात. शिलाला सांगितलं, इस्माईलनंच करायला लावलं. तिघांना तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही खोट्या.

दीड वर्षामागची ईद आठव. ईदच्या दुसऱ्या दिवशी तू बेअरिंग आणायला नांदेडला गेला होतास. सणाचा दुसरा दिवस, बागेत ही गर्दी. सकाळीच धर्मसिंग आला, बायको रुख्मिणीबाई आणि पाच-सहा पाव्हणे घेऊन. त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं. म्हणलं, पाव्हण्यांचं तिकीट काढ. तो म्हणला, पासावर काय लिहिलंय ते वाच, हे माझ्या चुलीवर जेवलेत. तू-तू मैं-मैं झाली. मी त्याला चोर म्हणलो. बायकोपुढं म्हणलो. त्यानं तिकिटं काढली, पण जाता जाता सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलला, 'आमी तांड्याचे म्हणून अडवतोस व्हय? भागीदाराचं घर आलं की बघू तुझा कायदा.' आणि आत न जाता तिथंच लिंबाखाली उभा राहिला. बघायला.

दुपारी अम्मी आली. बरोबर अफसानाच्या होणाऱ्या सासरची चौघं. सोयरीक नुकतीच ठरलेली, ते पहिल्यांदाच घरी आलेले. अम्मी त्यांना मोठ्या हौसेनं आपल्या लेकाची बाग दाखवायला घेऊन आली होती. मी गर्दीत गुंतलेलो, अम्मी बुरख्यात, डोळ्यांवर ऊन. ओळखायला आलंच न्हाई, असं समज. पास पुढं आला. मी विचारलं, 'किती माणसं? सगळी एकाच चुलीवरची का?' ती म्हणाली, 'बेटा, ये लोगां मेरे घर के मेहमान हैं. आज मेरेच घर खाना खाए.' मी मान वर करून धर्मसिंगाकडं बघितलं. तो बघत होता. आणि मी तो पास टराटरा फाडला.

हो. मी फाडला. अम्मीचा पास.

ती पाव्हण्यांकडं वळली आणि हसून म्हणाली, 'पास की मुद्दत ख़तम हो गई थी, मेरीच गलती.' चौघांची तिकिटं काढली. स्वतःचं काढलं न्हाई. 'मेरे घुटने दुखते, तुम घूम के आओ,' म्हणून फाटकाबाहेरच्या दगडावर बसली. पाव्हणे तासभर पाळण्यात, घोड्यावर बसले, हसले, आणि ज्या माउलीनं त्यांना आणलं ती बाहेर धुरळ्यात. मी फाटकावर बसून तिकिटं फाडत राहिलो. उठून 'अम्मी, आत चला' म्हणायला मला दहा पावलं चालायची होती. मी चाललो न्हाई. धर्मसिंग गेला तिच्याजवळ. रुख्मिणीबाईनं तिला पाणी दिलं.

आता ऐक पुढचं, हे त्याहून वाईट. संध्याकाळी तू आलास. कुणीतरी तुला सांगितलं होतं की अम्मी बाहेर बसली होती. तू मला विचारलंस. मी म्हणलं, 'धर्मसिंगनं फाटकावर तमाशा केला, शिव्या दिल्या, अम्मी घाबरली आणि बाहेरच बसली.' किती सहज निघालं तोंडातनं! तू तसाच तांड्यावर गेलास. ज्या माणसानं आपल्या पाळण्याचा खड्डा स्वतःच्या हातानं खणला होता, त्याला तू त्याच्या माणसांपुढं वाट्टेल ते बोललास. तो शपथा घेत राहिला. तू मला मानलंस, त्याला न्हाई. तुमची दोघांची बोलचाल त्या दिवसापासून बंद हाय आणि मी दोघांशी बोलून राहिलो.

मी वाट बघत होतो, अम्मी तुला कवा सांगती. आज सांगेल, उद्या सांगेल. तिनं तुलाबी घुटनेच सांगितले. जानेवारीत नवे पास छापायची वेळ आली. माझ्या मनात आलं, पास निघाले तर अम्मी पास घेईल. ती मागं राहणारी बाई न्हाई. पास घेऊन ती फाटकावर येईल आणि मला तिच्या तोंडाकडं बघावं लागंल. म्हणून पास छापले न्हाईत. एवढंच कारण, इस्माईल. तोट्याचा हिशेब मी नंतर जुळवला. एका म्हातारीच्या नजरेला भिऊन मी अख्ख्या तालुक्याच्या लेकरांना फाटक बंद केलं, आणि वर दीड वर्ष पासाला शिव्या देऊन राहिलो.

अफसानाच्या लग्नाला निजामाबादला आलो न्हाई ते कावीळ झाली म्हणून न्हाई. कावीळ झालीच नव्हती.

काल तांड्यावर गेलो होतो. धर्मसिंग रानात औताला होता, बांधावर थांबलो. आत्ता जे तुला लिहितोय ते त्याला तोंडानं सांगितलं. वाटलं, चाबूक उगारंल. त्यानं बैल सोडले, पाणी प्याला, मलाबी दिलं. मग म्हणाला, 'हे मला सांगून काय करतोस? मला तर त्याच दिवशी ठाऊक होतं. इस्माईलला सांग.' मी म्हणलं, सांगितलं की तो माझं तोंड बघायचा न्हाई. तर म्हणतो, 'मंग न्हाई बघणार. सोस की थोडं.' वर माफबिफ केलं असं काही बोलला न्हाई. मी मागायच्या लायकीचा न्हाई हे त्यालाबी कळत असावं.

तू त्याला एक कार्ड टाक. माझ्यासाठी न्हाई, तुझं त्याच्याकडं देणं राहिलंय, आणि ते माझ्यामुळं.

दहावीच्या वर्षी कुरुंद्याची शेवटची एसटी हुकली की मी कुठं जेवायचो, हे मी तुला सांगायची गरज न्हाई. पाटावर तुझं आणि माझं ताट शेजारी असायचं. आदल्याच दिवशी, ईदच्या सकाळीसुद्धा तिथंच शिरखुर्मा खाऊन आलो होतो. पासावर जे छापलं होतं, त्या हिशेबानं त्या फाटकावर अम्मीच्या चुलीवर जेवलेला पहिला माणूस मीच होतो. हे मला त्या वेळी सुचलं न्हाई असं म्हणता आलं असतं, तर जरा बरं वाटलं असतं.

मी तुला 'बाग घेऊन टाक' म्हणत न्हाई, 'परत ये' म्हणत न्हाई, तूबी काही म्हणू नको. शेठला तेवढं खरं सांग, तुझं काम माझ्या खोट्यावर उभं राहू नये. आणि एक कर. पुढचं अम्मीला वाचून दाखव. तू वर काय वाटंल ते बोल, शिव्या दे, पण हे जसं लिहिलंय तसं वाच.

अम्मी,

मी देविदास. माझी हिंदी तुमाला ठाऊकच हाय, म्हणून मराठीत लिहितो, इस्माईल समजावून सांगंल. तुमी मला वाचवलंत. पाव्हण्यांपुढं वाचवलंत, पोटच्या पोरापुढं वाचवलंत. तुमी त्या दिवशी मला एक मुस्काटात दिली असती तर मी आज माणसांत असतो. तुमी काही बोलला न्हाईत म्हणून मला वाटत राहिलं की निभावलं. निभावलं न्हाई, अम्मी.

वर इस्माईलला लिहिलंय की बुरखा होता, ऊन होतं, ओळखायला आलं न्हाई. ते खोडणार होतो, पण राहू दिलं, म्हणजे मी कसा माणूस हाय ते त्याला दिसंल. अम्मी, तुमी रिक्षातनं उतरलात, तवाच मी तुमाला ओळखलं होतं.

तुमच्या घरचं खाल्लेला,
देविदास