विल्होला दिलेला टॉर्क पाना

मी, ऐली पेलकोनेन, माहेरची ताहतिनेन, वय वर्षे शहात्तर, राहणार हॅन्कॉक, मिशिगन, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, हे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मजकूर एका पानात बसवावा असा वकीलबाई मिस ट्रेवॅरो यांचा आग्रह होता, तो मी मानलेला नाही. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. माझे राहते घर, गॅरेज आणि मागची सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, माझी भाची मार्लिस ताहतिनेन हिला द्यावी. सौनाच्या शेगडीचे दार उचलून लावावे लागते. ते दुरुस्त करू नये. माझ्या नवऱ्याने, लेस्टरने, ते तीनदा दुरुस्त केले आणि तिन्ही वेळा ते बिघडले.

कलम २. बँकेतली शिल्लक शाळेच्या स्वयंपाकघराला द्यावी. तिच्यातून पीठ मळण्याचे यंत्र घ्यावे. मी सव्वीस वर्षे हातांनी मळले आणि दरवर्षी अर्ज केला. अर्जांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत, त्या मुख्याध्यापकांना दाखवाव्यात.

कलम ३. लेस्टरचा जुना ट्रक ज्याला चालू करता येईल त्याने न्यावा. त्याचे इंजिन मी स्वतः दोनदा उघडून बांधले आहे. गावातल्या गॅरेजवाल्याने मला विचारले होते, "काकू, नवरा कुठंय? त्याच्याशीच बोलतो ना." त्यानंतर मी त्याच्या दारात पाऊल ठेवले नाही, कामच शिकून घेतले.

कलम ४. अवजारे. इथे मला सविस्तर लिहायचे आहे.

इंजिनच्या हेडचे, म्हणजे वरच्या झाकणाचे, बोल्ट अंदाजाने आवळून चालत नाहीत. ठरलेल्या जोरालाच आवळावे लागतात, आणि तो जोर टॉर्क पान्याने मोजतात. माझा पहिला पाना चांगला होता, लेस्टरने वाढदिवसाला दिलेला. माझा धाकटा भाऊ विल्हो याने तो नेला, मुठीवर लांब पाइप चढवला आणि ट्रेलरचे गंजलेले नट सोडवले. आतली स्प्रिंग गेली. मी विचारले तर म्हणतो, "अगं, पानाच तर आहे! पाने नट सोडवायलाच असतात ना?"

टॉर्क पान्याने नट सोडवायचे नसतात. हे मी त्याला किती वेळा सांगितले असेल ते सांगत बसत नाही.

मग मी एक अख्खा हिवाळा परवडणारा पाना शोधण्यात घालवला. दारोदार गाडी घेऊन फिरणाऱ्या अवजारवाल्याकडचा पाना माझ्या दोन आठवड्यांच्या पगाराचा होता. कॅटलॉगांत प्रत्येक जण "अचूक" असे छापतो, किती अचूक ते कोणी छापत नाही. शेवटी सवलतीच्या दुकानातून एकोणीस डॉलरचा आणला. ठरलेला जोर आला की खटकन वाजतो, लाल मूठ, दिसायला देखणा. माझ्या मनात शंका होती म्हणून एकदा शेजाऱ्याचा खात्रीचा पाना मागून आणला. दोन्ही पासष्ट फूट-पाउंडांवर लावले. माझ्या पान्याने एक बोल्ट खटका वाजेपर्यंत आवळला, मग तोच बोल्ट शेजाऱ्याच्या पान्याने. तो आणखी पाव फेरा फिरला, तेव्हा कुठे खटका वाजला. म्हणजे माझा पाना खोटे बोलत होता. मला इतका संताप आला की मी तो खणात फेकला आणि लेस्टरवर ओरडले. त्याचा यात काहीही दोष नव्हता.

त्यानंतर मी काट्याचा पाना घेतला. साधी दांडी, शेजारी एक काटा, खाली आकडे. दांडी वाकते, काटा आकडा दाखवतो. वाजत नाही, म्हणून लोक त्याला नाक मुरडतात. पण त्यात बिघडण्यासारखे काही नाही आणि किंमत अडतीस डॉलर. घरी इंजिन बांधणाऱ्या कोणीही हाच घ्यावा. आपले बोल्ट त्याच्या आकड्यांच्या मधल्या भागात येतील एवढा मोठा घ्यावा, आणि कोणालाही उसना देऊ नये.

मी तो पिठाच्या डब्यामागे लपवला. विल्होपासून.

कलम ५. हे कलम मिस ट्रेवॅरो यांना नको होते. "याला कायद्यात काही अर्थ नाही, ऐलीबाई," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "म्हणूनच लिहितेय. बाकी सगळं कायद्यात बसतं."

१९९१च्या नोव्हेंबरात विल्हो माझ्या दारात आला. त्याच्या मासेमारीच्या बोटीचे इंजिन खोललेले होते.

"ऐली, टॉर्क पाना दे ना. हेड बसवतोय."

"पुन्हा पाइप लावशील."

"नाही गं बाई. तुझ्या गळ्याची शपथ."

"स्वतःच्या गळ्याची घे."

तो हसला. मी आत गेले. पिठाचा डबा डाव्या हाताला होता, खण उजव्या हाताला. मी खण उघडला आणि लाल मुठीचा पाना त्याच्या हातात दिला. तो खोटा आहे हे मला माहीत होते. मला वाटले, हेड गळेल, शेडमध्येच पाणी टपकेल, मग येईल तोंड पाडून. एकदा तरी त्याला कळू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जाळी काढायला सरोवरावर गेला. सोबत त्याची मुलगी मार्लिस होती, तेव्हा नऊ वर्षांची. हेडखालचे, गळती रोखणारे गॅस्केट भर पाण्यात फुटले, इंजिन बंद पडले आणि बोट सात तास वाऱ्यावर वाहत राहिली. विल्होने आपला कोट तिला गुंडाळला, पण तिचे बूट आत भिजलेले होते. तटरक्षकांनी दुपारी त्यांना आणले. मार्लिसच्या डाव्या पायाची दोन बोटे थंडीने गोठली होती, ती कापावी लागली.

गाव म्हणाले, विल्होला बोल्ट आवळता येत नाहीत. त्याने बोट विकली आणि रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर नोकरी धरली. एकतीस वर्षे लोक त्याला जेवणाच्या टेबलावर चिडवत आले, "विल्हो, बरणीचं झाकण नीट लाव रे, गळेल!" आणि मी हसले. एकदा तर हा विनोद मीच केला.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझे रिपोर्ट वाचल्यावर मी विल्होला बोलावले आणि सगळे सांगितले. तो बराच वेळ कपातली कॉफी ढवळत राहिला. कॉफीत साखर नव्हती.

"मी प्रत्येक बोल्ट दोनदा तपासला होता," तो म्हणाला. "दोनदा, ऐली. मला वाटलं माझा हातच खराब आहे. नंतर मी पोरीच्या सायकलचं चाकसुद्धा बसवलं नाही."

कप तसाच ठेवून तो निघून गेला. तीन आठवडे फोन उचलला नाही.

कलम ६. वरील कारणाने सर्व अवजारे, काट्याच्या पान्यासह, विल्हो ताहतिनेन यास द्यावीत असे मी लिहिले होते. ते खोडले आहे, कारण काल तो आला, खुर्चीत बसला आणि त्याने हे सगळे बोट ठेवून वाचले.

"माझं नाव काढ यातून," तो म्हणाला.

"नको का तुला काही?"

"ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये म्हणतात. अवजारं मार्लिसला दे. मला सही करायचीय."

"माफ केलंस का मला?"

"ते मला नाही विचारायचं. पोरीला विचार. रविवारी येतेय ती, मी सांगितलंय तिला." मग पेन शोधत म्हणाला, "पाचवं कलम मात्र नीट अक्षरात काढ. लोकांना वाचता आलं पाहिजे."

म्हणून पाचवे कलम मी पुन्हा लिहिले आहे. सर्व अवजारे मार्लिसला द्यावीत.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

ऐली पेलकोनेन

साक्षीदार:
१. नॅन बोनेटी, शेजारीण
२. विल्हो ताहतिनेन, भाऊ. पाचवे कलम वाचले. बरोबर आहे.

हॅन्कॉक, मिशिगन
१४ ऑक्टोबर २०२२